इमारतीची ऊब आणि नगराची सनद

न्यूयॉर्क शहरात ऐन जानेवारीत, रस्त्यावर साचलेले पाणी गोठत असता, जुन्या निवासी इमारतींच्या कितीतरी खिडक्या सताड उघड्या दिसतात. तळघरातील बॉयलरमध्ये तेल किंवा गॅस जाळून पाण्याची वाफ करायची, ती नळांवाटे मजल्यामजल्यावर चढवायची आणि खोलीखोलीतील बिडाचे रेडिएटर तिने तापवायचे, ही तेथील ऊब मिळवण्याची जुनी व्यवस्था. तीत बॉयलरजवळच्या खोल्या असह्य तापतात, टोकाच्या गार राहतात. टोकाच्या बिऱ्हाडाची तक्रार येऊ नये म्हणून बॉयलर अधिकच पेटता ठेवावा लागतो, आणि मग मधल्या बिऱ्हाडांना खिडकी उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एकनळी वाफेच्या पद्धतीत रेडिएटरचा कॉक अर्धवट फिरवून उष्णता कमी करण्याचीही सोय नसते. तो पूर्ण उघडा तरी ठेवावा लागतो, नाहीतर पूर्ण बंद तरी करावा लागतो. शिवाय उबेचा खर्च बहुधा घरभाड्यातच धरलेला असल्यामुळे, खिडकीवाटे बाहेर गेलेल्या उष्णतेचे बिल खिडकी उघडणाऱ्याच्या हाती कधी पडत नाही. बॉयलर मालकाचा, ऊब भाडेकरूची आणि धूर सर्वांच्या आकाशात, असा हा व्यवहार पिढ्यानुपिढ्या चालत आला, आणि त्या धुरातील कर्बाचा जाब इमारतीला विचारणारा कायदा २०१९ पर्यंत त्या शहरात नव्हता.

हवामानबदलाच्या राजकारणाविषयी आपण जे वाचतो ते बहुतेक राष्ट्रप्रमुखांच्या परिषदांचे, करारनाम्यांचे, आणि त्यांतून कोण बाहेर पडले नि कोण परत आले याचे असते. त्या परिषदांचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु भिंतीत उष्णतारोधक थर किती जाडीचा घालावा, खिडकीला काच एकेरी बसवावी की दुहेरी, नव्या घरात गॅसची नळी न्यावी की नेऊ नये, हे ज्या कागदावर ठरते तो कागद कोणत्याही जागतिक परिषदेत मांडला जात नाही. तो महापालिकेच्या बांधकाम खात्याच्या दप्तरात असतो. न्यूयॉर्कच्या एकूण कर्बउत्सर्जनापैकी सुमारे दोन-तृतीयांश उत्सर्जन इमारतींमुळे होते, कारण तेथील लाखो लोक भुयारी रेल्वेने ये-जा करतात आणि मोठे कारखाने शहरात फारसे उरलेले नाहीत. म्हणूनच त्या शहराच्या एका कायद्याची, आणि त्याच्या आगेमागे अमेरिकेतील इतर नगरांनी जे भोगले त्याची हकीकत येथे सांगावीशी वाटते. नियम कडक असावा की सौम्य असावा हा त्या वादाचा वरवरचा विषय होता. नियम करण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी, हा खरा विषय होता.

१८ एप्रिल २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या नगरसभेने ४५ विरुद्ध २ मतांनी जे विधेयक संमत केले, ते आज 'स्थानिक कायदा ९७' या आपल्या क्रमांकानेच ओळखले जाते. २५,००० चौरस फुटांहून मोठी इमारत, मग ती कचेऱ्यांची असो, हॉटेल असो की राहत्या घरांची असो, या कायद्याच्या कक्षेत येते, आणि अशा इमारती त्या शहरात सुमारे ५०,००० आहेत. इमारतीच्या वापराचा प्रकार पाहून दर चौरस फुटामागे वर्षाला किती कर्बउत्सर्जन चालेल याची मर्यादा कायद्याने घालून दिली. पहिली मर्यादा २०२४ ते २०२९ या मुदतीसाठी, आणि तिच्याहून पुष्कळच कडक अशी दुसरी २०३० पासून. २००५ च्या मानाने २०३० पर्यंत या इमारतींचे उत्सर्जन ४० टक्क्यांनी उतरावे, हा त्यामागचा हेतू.

हिशेब कसा होतो ते पाहण्यासाठी राहत्या घरांची एक लाख चौरस फुटांची इमारत कल्पावी. पहिल्या मुदतीत तिला दर चौरस फुटास ६.७५ किलो, म्हणजे वर्षाकाठी ६७५ टन एवढी मुभा आहे. बॉयलरमध्ये जळालेला गॅस, तेल, घराघरांतून वापरलेली वीज, या प्रत्येकाला ठरावीक गुणकाने गुणून आलेली बेरीज समजा ८०० टन झाली, तर १२५ टन जादा ठरले; जादा टनामागे २६८ डॉलर या दराने त्या वर्षाचा दंड ३३,५०० डॉलर होतो, आणि इमारत सुधारली नाही तर तो दर वर्षी भरावा लागतो. नोंदणीकृत वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेला हा हिशेब दर वर्षी १ मे पर्यंत बांधकाम खात्याकडे दाखल करायचा, आणि त्यातला पहिला २०२५ मध्ये द्यावयाचा, अशी तरतूद आहे. उबेसाठी विजेवर चालणारा हीट पंप बसवा, भिंती उष्णतारोधक करा, वाफेच्या झडपा दुरुस्त करा, की निव्वळ बॉयलरची वेळ नीट लावा. उपाय कोणता करायचा हे मालकाने ठरवावे, कायदा परिणाम तेवढा मोजतो.

उभ्या इमारतीकडून असा दर वर्षी हिशेब मागणे अमेरिकेलाही नवे होते. इमारतींच्या ऊर्जेविषयी नियम १९७३ च्या तेलटंचाईनंतरच होऊ लागले होते आणि कॅलिफोर्निया राज्याने १९७८ मध्ये आपली ऊर्जाविषयक मानके अंमलात आणली होती. पण ते सारे नियम इमारतीच्या जन्मवेळेचे. नकाशा मंजूर झाला, भोगवट्याचा दाखला हाती पडला, की पुढची शंभर वर्षे ती इमारत काय जाळते याच्याशी खात्याचा संबंध उरत नसे. पुढे 'लीड' नावाची गुणांकनाची पद्धत आली, हरित इमारतींना रौप्य, सुवर्ण, प्लॅटिनम असे दर्जे मिळू लागले आणि २००७ मध्ये बॉस्टनने ५०,००० चौरस फुटांहून मोठ्या खाजगी प्रकल्पांना त्या पद्धतीचे निकष लागू केले. त्या प्रयत्नांचे मोल मी मानतो, परंतु नव्या इमारतीला मिळणारा असा दर्जा बव्हंशी आराखड्यावरून बांधलेल्या अनुमानावर उभा असतो, आणि ज्या शहराचा बहुतेक पसारा आधीच बांधून झालेला आहे तेथे नव्या इमारतींपुरता नियम कितीही कडक केला तरी तो प्रश्नाच्या कडेलाच स्पर्श करतो. उभ्या इमारतीला हात घालणे ही खरी अवघड गोष्ट, आणि ती अशक्य नाही हे न्यूयॉर्कमधीलच एका सुप्रसिद्ध वास्तूने दाखवून दिले होते. १९३१ मध्ये पुरी झालेल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६,५१४ खिडक्या २०१० च्या सुमारास एकामागून एक उतरवण्यात आल्या, इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर थाटलेल्या कारखान्यात त्यांच्या जुन्याच दोन काचांमध्ये एक पातळ पारदर्शक पटल ताणून व वायू भरून त्यांना नवे करण्यात आले, आणि त्या परत आपापल्या जागी बसवल्या गेल्या. रेडिएटरच्या मागे उष्णता खोलीकडे परतवणारे पत्रे लावले, थंडाव्याची यंत्रे सुधारली. या सर्वांतून ऊर्जेचा वापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटवण्याचा बेत होता, आणि पहिल्या वर्षांतील बचत हमी दिलेल्या आकड्याहून जास्तच भरली. जुन्या काचा फेकून न देता हे साधले, याचे मला विशेष वाटते.

नगरांनी हा भार आपण होऊन का उचलला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १६ फेब्रुवारी २००५ रोजी क्योटोचा करार अंमलात आला तेव्हा अमेरिकेचे मध्यवर्ती सरकार त्याच्या बाहेर होते; त्याच सुमारास सिॲटलचे महापौर ग्रेग निकल्स यांनी इतर महापौरांना आवाहन केले की राष्ट्र करीत नसेल तर आपण नगरांनी ती उद्दिष्टे पाळू, आणि पुढे हजाराहून अधिक महापौरांनी त्या संकल्पावर सह्या केल्या. २०१७ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा मनोदय जाहीर केल्यावर नगरांच्या या हालचालीला आणखी धार चढली. मे २०१९ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर बिल द ब्लाझिओ यांनी नव्या कायद्याची घोषणा ट्रम्प टॉवरच्या आवारात उभे राहून केली, आणि अध्यक्षांच्या मालकीच्या इमारतींना किती दंड बसेल याचा आकडाही सांगितला. हा प्रकार मला उचित वाटला नाही. बॉयलर, झडपा आणि खिडक्या यांविषयीचा जो कायदा सर्व पक्षांच्या घरमालकांनी पाळावयाचा होता, त्यावर त्या दिवशी एका पक्षाची खूण उमटली, आणि अशी खूण पुसून टाकण्यास फार वर्षे लागतात.

परंतु पक्षांच्या वादाहून खोल असा जो वाद आहे तो अधिकाराचा. अमेरिकेच्या राज्यघटनेत नगरांचा उल्लेखच नाही. नगराला जी काही सत्ता असते ती राज्याने दिलेल्या सनदेतून येते, आणि मध्यवर्ती सरकारचा कायदा त्या दोहोंच्या वर बसतो. १९७५ च्या मध्यवर्ती ऊर्जा कायद्यात पुढे, विशेषतः १९८७ च्या दुरुस्तीने, असे ठरले की शीतपेट्या, पाणी तापवण्याचे बंब, वातानुकूलनाची यंत्रे यांची कार्यक्षमता मध्यवर्ती सरकार ठरवील, आणि एकदा त्याने ठरवली की राज्यांना वा नगरांना त्याविषयी आपले निराळे मानक लावता येणार नाही. उत्पादकांची यामागची मागणी गैरवाजवी नव्हती. प्रत्येक गावासाठी निराळे यंत्र घडवणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही. पण याच तरतुदीने नगरांचे हात कुठवर बांधले जातात ते न्यू मेक्सिकोमधील अल्बुकर्क शहराला २००८ मध्ये कळून आले. त्या शहराने हरित बांधकामाची नियमावली केली, तीत यंत्रांच्या कार्यक्षमतेची मर्यादा मध्यवर्ती मानकाच्या वर नेली. यंत्रे बनवणाऱ्यांच्या व विकणाऱ्यांच्या संघटनांनी दावा लावला, आणि न्यायालयाने नियमावलीच्या अंमलबजावणीला मनाई केली.

कॅलिफोर्नियातील बर्कलीने जुलै २०१९ मध्ये अधिक सावध वाट धरली. यंत्रांना हात न लावता त्या नगराने एवढेच म्हटले की नव्या इमारतींत गॅसची नळी घालू नये; देशात असा नियम करणारे ते पहिले नगर होते. उपाहारगृहांच्या राज्यव्यापी संघटनेने न्यायालयात धाव घेतली, कारण उघड्या ज्योतीवाचून कितीतरी पाककृती साधत नाहीत असे तिचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयात नगर जिंकले. परंतु एप्रिल २०२३ मध्ये वरच्या अपील न्यायालयाने असा निवाडा दिला की नळीच बंद केली तर गॅसची शेगडी वापरता येत नाही, म्हणजे शेगडीच्या ऊर्जावापराचेच नियमन होते, आणि ते करण्याचा अधिकार नगराला नाही. फेरविचाराची मागणी जानेवारी २०२४ मध्ये फेटाळली गेली, आणि बर्कलीने आपला नियम मागे घेतला. हा अर्थ मला ताणलेला वाटतो. नळी ही इमारतीचा भाग आहे आणि शेगडी ही वस्तू आहे, हा भेद नगररचनेच्या शतकभराच्या वहिवाटीत गृहीत धरलेला आहे. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये नव्या इमारतींतील इंधनज्वलनावर जी बंदी घातली तिच्यावरही असाच दावा झाला, आणि तेथील मध्यवर्ती जिल्हा न्यायालयाने २०२५ मध्ये बर्कलीच्या निवाड्याशी असहमत होऊन शहराची बाजू मान्य केली. तेव्हा एकाच देशात, एकाच कायद्याचे, दोन किनाऱ्यांवर दोन अर्थ आज चालू आहेत. दरम्यान राज्यांच्या विधिमंडळांनी आपला वेगळा मार्ग काढला होता. नगरांनी गॅसबंदी करू नये असा कायदा २०२० मध्ये ॲरिझोनाने प्रथम केला आणि काही वर्षांतच वीसहून अधिक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. ज्यांनी सनद दिली त्यांनीच तिला कात्री लावली.

नियमावलीचा मसुदा कोण लिहितो, हाही असाच एक आडबाजूचा पण निर्णायक प्रश्न आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये व नगरे स्वतः आरंभापासून नियम लिहीत नाहीत. इंटरनॅशनल कोड कौन्सिल नावाची एक खाजगी, ना-नफा संस्था दर तीन वर्षांनी नमुना नियमावल्या प्रसिद्ध करते आणि नगरे त्या थोड्याफार फरकाने स्वीकारतात. या नमुन्यावरचे शेवटचे मत सरकारी अधिकाऱ्यांचे असे, आणि वर्षानुवर्षे ते फार थोडे अधिकारी देत. २०१९ मध्ये, २०२१ च्या आवृत्तीसाठी मतदान होते तेव्हा, अनेक नगरांनी आपल्या अधिकाऱ्यांची मोठ्या संख्येने नावनोंदणी केली, आणि कार्यक्षमता वाढवणारे प्रस्ताव बहुमताने संमत झाले. घरे बांधणाऱ्यांच्या व गॅस उद्योगाच्या संघटनांनी हरकती घेतल्या. काही प्रस्ताव अपिलात गळाले. आणि मार्च २०२१ मध्ये संस्थेने ऊर्जा नियमावलीची पद्धतच बदलून अंतिम निर्णय समित्यांच्या हाती दिला, तेव्हा नगरांच्या अधिकाऱ्यांचे ते शेवटचे मत संपुष्टात आले. या घटनेची वार्ता आपल्याकडे बहुधा कोणाच्या वाचनात आली नसेल, पण एखाद्या मोठ्या निवडणुकीइतकाच तिचा परिणाम दूरगामी आहे असे मी मानतो.

आता खर्चाची बाजू. न्यूयॉर्कमधील क्वीन्स या विभागाच्या पूर्व टोकाला, दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली ग्लेन ओक्स व्हिलेज ही सहकारी वसाहत आहे. बुटक्या विटकरी इमारती, मध्ये हिरवळ, आणि सुमारे २,९०० मध्यमवर्गीय बिऱ्हाडे. गगनचुंबी मनोरे समोर ठेवून ज्याची चर्चा झाली तो कायदा या बुटक्या घरांनाही लागू झाला, कारण एकाच भूखंडावरील इमारतींचे क्षेत्रफळ एकत्र मोजले जाते. बॉयलर बदलण्याचा खर्च किंवा दंड, यांपैकी काहीही झाले तरी ते सभासदांच्या मासिक देखभालखर्चावर चढणार, हे उघड होते. आणि त्या सभासदांपैकी कित्येक निवृत्तिवेतनावर राहणारे वृद्ध. वसाहतीने २०२२ मध्ये दावा लावला. राज्याने २०१९ मध्येच स्वतःचा हवामानविषयक कायदा केला असल्यामुळे नगराला या विषयात वेगळा कायदा करता येत नाही, असे तिचे म्हणणे होते. खालून वर जाताना निकाल फिरत गेला आणि अखेर मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने शहराचा अधिकार कायम केला.

अधिकाराच्या प्रश्नावर हा निकाल मला योग्य वाटतो. पण त्या वसाहतीची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. ज्या इमारतींत भाडेनियंत्रणाखालील घरांचे प्रमाण मोठे आहे त्यांना कायद्याने निराळी, स्वस्त उपायांची यादी दिली: नळांना उष्णतारोधक वेष्टन, रेडिएटरला नियंत्रक, गळक्या झडपांची दुरुस्ती. मोठ्या सुधारणांचा खर्च भाड्यात चढवण्याची मुभा मालकांना असल्याने भाडेकरूंचे हाल होऊ नयेत, ही त्यामागची न्याय्य दृष्टी. सहकारी वसाहतीतील साध्या सभासदाला मात्र धनाढ्य मनोऱ्याच्या मालकाच्याच रांगेत उभे केले गेले. पुढे महापौर एरिक ॲडम्स यांच्या कारकीर्दीत २०२३ मध्ये नियम झाले की जो मालक प्रामाणिक प्रयत्नांचा पुरावा दाखवील त्याला दंडाऐवजी जादा मुदत मिळावी. पर्यावरणवाद्यांनी पळवाट म्हणून या सवलतीवर टीका केली. मला वाटते, सवलत द्यायचीच होती तर ती मुदतीच्या रूपाने सरसकट देण्यापेक्षा पैशाच्या रूपाने गरजूंना द्यावयास हवी होती. मुदत ज्याला नको त्यालाही मिळते, आणि जो बॉयलर आज बदलायचा राहिला तो आणखी पंचवीस वर्षांसाठी गॅसचाच बसवला जातो.

आपल्या महाराष्ट्राचा या कथेशी संबंध आहे, पण उलट्या बाजूने. आपल्याकडे नगराला घटनेत स्थान आहे. १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत इमारतींच्या बांधकामाचे नियमन हा नगरपालिकांकडे सोपवावयाचा विषय म्हणून नोंदला आहे. ऊर्जेची संहिता मात्र २००१ च्या मध्यवर्ती कायद्याखाली दिल्लीत तयार होते; व्यापारी इमारतींसाठी ती २००७ मध्ये प्रथम निघाली, २०१७ मध्ये सुधारली, निवासी घरांसाठी २०१८ मध्ये वेगळा भाग आला आणि २०२२ च्या दुरुस्तीने तिचा विस्तार आणखी वाढवला. ती राज्याने अधिसूचित करायची आणि महापालिकेने बांधकाम परवानगीच्या वेळी तपासायची, अशी ही तीन हातांची साखळी. दंडाऐवजी आपला भर बक्षिसावर आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत हरित दर्जा मिळवणाऱ्या इमारतीला दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजलसंचय यांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत आहे. बक्षिसाची कल्पना वाईट नाही. परंतु जादा मजला एकदाच बांधला जातो आणि कायमचा राहतो. त्याच्या बदल्यात जी वीज वाचायची ती दर वर्षी वाचते की नाही, हे विचारण्याची सोय त्या नियमात नाही.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठरवले, त्याच मुंबईत आज जुन्या चाळी व सोसायट्या पाडून त्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, आणि ते २०५० मध्येही उभेच असणार. तेथे प्रश्न उबेचा नाही, थंडाव्याचा आहे. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या काचेच्या भिंतीमागे वातानुकूलन यंत्र दुपारभर किती वीज ओढते, याचा. न्यूयॉर्कने दंडाचा कायदा करण्यापूर्वी दहा वर्षे, २००९ मध्ये, एक साधा कायदा केला होता: मोठ्या इमारतींनी वर्षभरात वापरलेल्या ऊर्जेचा आकडा शहराला कळवावा, आणि तो सर्वांना पाहता यावा. २०२० पासून तर मोठ्या इमारतीच्या दाराशीच तिच्या ऊर्जाक्षमतेची श्रेणी अक्षरात टांगलेली असते. दंडाची मर्यादा कुठे घालावी हे त्यांना इमारतींनी कळवलेल्या ऊर्जावापराच्या आकड्यांवरूनच ठरवता आले. मुंबई-पुण्यातील प्रत्येक मोठ्या इमारतीचे वीजबिल बेस्ट, महावितरण, टाटा किंवा अदानी यांच्या दप्तरात दर महिन्याला नोंदले जात आहे. ते इमारतवार एकत्र करून जाहीर करण्यासाठी पालिकेला काही हीट पंप विकत घ्यावा लागत नाही, आणि भाडेकरूवर एक रुपयाही चढत नाही.